फाइस्टांचे तीन क्रूस

१

"रॅग्ना, थडगी चोरीला गेलीत."

गावचे फोन जोडत टेलिफोनच्या तारांपुढे माझा जन्म गेला. कुणाचं खळं पेटलं, कुणाची गाय अडली, कुणाची बायको माहेरी निघून गेली, गावातलं सगळं आधी माझ्या कानावर पडतं आणि मग पाद्र्याच्या. पण असलं काही मी आजवर ऐकलं नव्हतं.

"काय चोरीला गेलंय?" मी म्हटलं.

"थडगी गं! फाइस्टांची. कुंपण नाही, क्रूस नाही, काही नाही. मी त्यांच्या जुन्या शेतावरून, सुन्देच्या घरून बोलतेय. खोदायला माणसं आणली, फावडी आणली, आणि खोदायचं कुठे तेच ठाऊक नाही!"

आमच्याकडे एका तारेवर आठ-दहा घरं असतात. कुणी चोरून ऐकायला फोन उचलला की खट् असा आवाज येतो. एवढ्या बोलण्यात चार-पाच खट् वाजून गेले होते.

"ऐकताय ना सगळे?" ओटिलिया कडाडली. "मग नीट ऐका. ज्यानं कुणी हे केलंय, त्यानं गुमान येऊन सांगावं. नाहीतर मी शोधून काढीन, आणि मग त्याची धडगत नाही."

पटापट फोन खाली ठेवले गेले.

ओटिलिया क्रान्ट्झचं आमच्या गावात फर्निचरचं दुकान. शवपेट्याही तीच करते आणि माणसं पुरायचं कामही तिचंच. नवरा गेला तेव्हा त्याची पेटी तिनंच ठोकली, आणि एक कोपरा नीट बसला नाही म्हणून उचकटून पुन्हा ठोकली. बाई अशी आहे. अर्धवट काम तिला खपत नाही.

आणि हे काम साधं नव्हतं. माग्दालेना फाइस्ट नावाची म्हातारी नवऱ्याची शवपेटी घेऊन कॅलिफोर्नियाहून आगगाडीनं आली होती. पार डोंगर ओलांडून! वीस वर्षांपूर्वी, दुष्काळाच्या सुरुवातीलाच, ती दोघं शेत सोडून तिकडे द्राक्षं तोडायला गेली होती. त्याआधी कधीतरी एका हिवाळ्यात घटसर्पानं त्यांची तीन पोरं एका आठवड्यात गेली. इग्नाट्झ, रोझिना आणि धाकटा पिउस. तिचा नवरा कास्पर लोहारकाम जाणायचा. त्यानं स्वतःच्या भट्टीवर तीन लोखंडी क्रूस घडवले, शेतातच जागा आखली आणि भोवती जाळीचं कुंपण घातलं. शेत सोडताना त्यानं पोरांना शब्द दिला होता की मी येईन, तुमच्याशेजारीच निजेन.

आता तो आला होता, आणि पोरंच जागेवर नव्हती. थंडी तोंडावर आलेली. जमीन एकदा गोठली की वसंतापर्यंत फावडं चालत नाही. मग पेटी गावच्या दगडी कोठीत ठेवायची आणि पुढे गावच्या दफनभूमीत कुठेतरी पुरायची. माग्दालेनाबाईंचं वय बघता त्या पुन्हा एवढा प्रवास करून येणार नाहीत, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"आणि रॅग्ना," ओटिलिया हळू आवाजात म्हणाली, "म्हातारीला मी इथे घेऊन आले होते. तिनं गाडीतून उतरून एकदा चहूकडे बघितलं आणि म्हणाली, हे आमचं शेतच नाही."

२

मी माझ्या नणंदेला तारांपुढे बसवलं आणि ओटिलियाबरोबर निघाले. अशा वेळी घरात बसवतं होय?

हाल्वर सुन्दे अंगणातच उभा होता, तोंड लालेलाल. माणूस आमच्यातलाच, नॉर्वेजियन, पण मिनेसोटाहून आलेला. युद्ध चालू असताना त्यानं हे शेत सरकारी लिलावात घेतलं. त्याआधी कित्येक वर्षं ते ओसाड होतं. त्या भागातली सगळीच घरं धुळीच्या वर्षांत उठून गेली होती.

"मी थडगी नांगरली म्हणतात!" तो ओरडला. "सकाळपासून तीन फोन आले. एक तर नुसता थुंकला फोनवर! अहो, मी लेकुरवाळा माणूस. मेलेल्या पोरांवर नांगर घालीन मी?"

"कुणी तसं म्हटलेलं नाही," ओटिलिया म्हणाली.

"तारेवर सगळे रशियन जर्मन, फाइस्टांसारखे रशियातून आलेले, तेच म्हणतायत!"

"मीही रशियन जर्मनच आहे रे बाबा. पण मी म्हटलं नाही, म्हणजे अजून नाही. तू शेत घेतलंस तेव्हा इथे काय होतं ते सांग."

"पवनचक्की. घराच्या तळघराचा खड्डा. बाकी गवत. तुमच्या लोकांनी आणलेलं ते काटेरी झुडूप, वाळलं की गडगडत सुटतं ते, त्याचे ढीग. आणि माझी टेकडी."

टेकडी म्हणताना गडी जरा खुलला. बशीत जेवढा चढ असेल, तेवढासुद्धा आमच्या मुलखात नाही. दोन वर्षांपूर्वी सरकारची पोरं रंगीत दांडकी आणि दुर्बिणी घेऊन शेताशेतातून हिंडत होती, आणि त्याचा छापील नकाशा नुकताच बाकेच्या किराणा दुकानात भिंतीवर लागला होता. त्यात दर पाच फूट उंचीला एक तपकिरी रेघ. आमच्या सगळ्या टापूत त्या रेघा लांबलचक, आळशी, कुठे वळल्या न वळल्या अशा पसरलेल्या. एकट्या सुन्देच्या शेतात एक गव्हाच्या दाण्याएवढं बंद कडं होतं, तीच ती टेकडी. ते कडं या माणसानं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला बोट ठेवून दाखवलं होतं.

"लई गुणाची टेकडी," हाल्वर म्हणाला. "वर नांगर घालत नाही मी, वाऱ्यानं उडेल म्हणून. पण टोकाला टरबुजं लावतो. सगळ्या शेतात हाताएवढे गोटे लागतात, टेकडीत एक लागेल तर शपथ."

"म्हातारी म्हणते हे तिचं शेतच नाही."

"कागद दाखवू? सगळे आकडे जुळतात. म्हातारं माणूस, चकवा बसला असेल. इथून चर्च दिसत नाही म्हणाली. त्याच्यावरून शेत ओळखतात होय?"

एव्हाना शेजारपाजारची माणसं जमली होती. ती हातभर अंतरानं रांग धरून पवनचक्कीपासून पुढे निघाली. प्रत्येकाची नजर जमिनीवर. थडगं जुनं झालं की खचतं, तिथे खळगा पडतो. खळगा शोधायचा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. दुपारी सगळे टेकडीच्या आडोशाला बसून सॉसेज आणि ब्रेड खाऊन पुन्हा उठले. संध्याकाळपर्यंत एकही खळगा सापडला नाही. सुन्देला कुणी जाताना साधा रामराम केला नाही. त्याची बायको दारात उभी राहून रडत होती.

परतताना ओटिलिया म्हणाली, "नांगरानं क्रूस पाडता येतो. गायब नाही करता येत. चांगलं मणभर लोखंड गं ते. आणि युद्धात लोखंड कोण गोळा करत होतं?"

मला ते नाव चांगलं माहीत होतं.

३

क्लॅरेन्स बाके. गावातलं एकमेव किराणा दुकान त्याचं. युद्धात भंगार गोळा करायच्या समितीचा तो प्रमुख होता. जुने नांगर, चुली, पलंग, सगळं त्याच्या ट्रकमधून गेलं. माझी इस्त्रीसुद्धा नेली मेल्यानं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा दुकानात चार माणसं नकाशासमोर उभी होती. ही गर्दी रोजचीच झाली होती. मीही पहिल्यांदा तो बघितला तेव्हा माझे पाय तिथेच खिळले होते. आमचं सगळं जग एका कागदावर! काळा ठिपका म्हणजे घर. हे ओल्सेनचं, हे आमचं. शाळेवर इवलासा झेंडा, चर्चच्या ठिपक्यावर इवलासा क्रूस, पवनचक्कीला गोल, तळ्याला निळा रंग. देवाला वरून आपण असेच दिसत असू, असं मनात आलं. ज्याला-त्याला आपलं घर सापडलं की तो आधी हसायचा आणि मग शेजाऱ्याचं शोधायला लागायचा.

ओटिलियानं गिऱ्हाइकं बाहेर घालवली आणि दार लावून घेतलं.

"क्लॅरेन्स, फाइस्टांचे क्रूस तू नेलेस?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

"नाही."

"माझ्याकडे बघून बोल."

"नाही नेले! पण..." तो पिपावर बसला. "न्यायला गेलो होतो."

"अरे मेल्या!" मी ओरडले.

"युद्धाचं पहिलंच वर्ष होतं, रॅग्ना. आम्हाला ठरलेलं वजन भरायचं होतं. सुन्दे अजून यायचा होता, शेत बेवारशी. मला आठवलं की तिथे तीन क्रूस आहेत. मेलेल्यांना काय करायचंय लोखंड, म्हटलं. ट्रक घेऊन एकटा गेलो. कुणाला कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

"मग?"

"मग काय! नव्हतेच तिथे. सगळं रान फिरलो. कुंपणसुद्धा नव्हतं. म्हटलं, आपल्या आधी कुणीतरी हात मारला. आणि खरं सांगू? सुटलो असं वाटलं. घरी येईपर्यंत रस्ताभर देवाची माफी मागत होतो."

ओटिलियानं त्याच्याकडे टक लावून बघितलं. खोटं बोलणारा माणूस स्वतःला चोर म्हणवून घेत नाही, एवढं मलाही कळत होतं.

"म्हणजे सुन्दे सुटला," ती म्हणाली. "तो यायच्या आधीच क्रूस नव्हते. तूही सुटलास, लायकी नसताना."

"मग राहिलं कोण?" मी विचारलं.

"ज्यानं ते शेवटचे बघितले तो. सख्खा भाऊ गावात असताना भावाच्या पेटीला खांदा लावायला आला नाही, तो."

४

योस्ट फाइस्ट बिलियर्डच्या अड्ड्यामागच्या खोलीत राहायचा. कास्परचा धाकटा भाऊ, पण आता तोही म्हातारा. कास्पर सोडून गेला, योस्ट मागे राहिला. तू पळपुटा, तू मूर्ख, अशी दोघांत वाजली होती, आणि कास्पर गेल्यापासून दोघांत एका शब्दाचं बोलणं नव्हतं.

"मला काही विचारू नका," तो दारातूनच म्हणाला.

"मी विचारणारच आहे," ओटिलिया आत शिरत म्हणाली. "रागाच्या भरात क्रूस उपटलेस का रे, योस्ट?"

म्हाताऱ्यानं हात उगारला. मी घाबरून मागे सरले. पण तो हात तसाच खाली आला आणि तो खाटेवर बसून हुंदके द्यायला लागला.

"उपटीन कशाला? माझ्यावर सोपवून गेला होता तो. भांडलो तरी जाताना म्हणाला, योस्ट, कुंपण तेवढं साफ ठेव. ते काटेरी झुडूप वाऱ्यानं येऊन जाळीला अडकतं, ते काढत जा. एवढंच काम होतं माझं."

"केलंस?"

"वर्षभर केलं. मग पाऊस थांबला तो थांबलाच. झुडपं यायची ती शेकड्यांनी. आज काढली की उद्या पुन्हा छातीएवढी. जनावरं मेली. खायला नव्हतं तेव्हा तीच झुडपं मीठ लावून गाईला घातली. शेवटी धरणाच्या कामावर निघून गेलो. निघताना वळून बघितलं तेव्हा तिघं उभे होते. कुंपण झुडपांनी गच्च, आणि वर तीन काळी टोकं. त्यानंतर त्या शेताकडे गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाऊ? त्याच्या पेटीपुढे तरी कुठल्या तोंडानं येऊ?"

आम्ही बाहेर आलो. गावच्या रस्त्यावर वारा नेहमीसारखा वाहत होता.

"तो गेला तेव्हा क्रूस होते," ओटिलिया पुटपुटली. "बाके गेला तेव्हा नव्हते. मधल्या वर्षांत त्या भागात चिटपाखरू नव्हतं. रॅग्ना, त्या वर्षांत तू इथेच होतीस ना? काय आठवतं?"

ओटिलिया आमच्याकडे उशिरा आली, तिला ते दिवस माहीत नाहीत. मी म्हटलं, "काय आठवणार? धूळ. जेवायला ताटं उपडी मांडायची आणि वाढायच्या वेळी सुलटी करायची. खिडक्यांना ओली चादर. भर दुपारी दिवा. आमची माती उडून गेली गं. पिढ्यांची कसदार काळी माती, डोळ्यांदेखत उडून गेली."

"कुठे?"

"काय कुठे?"

"गेली कुठे माती?"

वीस वर्षं आम्ही त्या मातीसाठी रडत होतो. माती गेली, माती गेली. ती कुठे गेली, हे आमच्यातल्या एकाही दीडशहाण्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

ओटिलिया तोवर पळत सुटली होती, तिच्या वजनाच्या मानानं फारच जोरात.

५

माग्दालेनाबाई ओटिलियाच्या घरी पेटीशेजारी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. आल्यापासून तिथेच. ओटिलियानं बाकेच्या भिंतीवरचा नकाशा सरळ उचकटून आणला होता, तो तिनं टेबलावर पसरला. मागोमाग बाके धापा टाकत आला.

"माग्दालेनाबाई, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसायचं?"

"पोरं दिसायची," म्हातारी शांतपणे म्हणाली. "भांडी घासताना दिसायची. आणि बरोबर त्यांच्या डोक्यावर, लांब, चर्चचा मनोरा. मी रोज म्हणायची, देवा, तुझ्या अंगणात आहेत, लक्ष ठेव."

"आणि काल तुम्ही म्हणालात, हे आपलं शेत नाही."

"नाहीच. तिथून मनोरा दिसत नाही. मला वेडी समजू नका हो."

"वेड्या आम्ही, बाई."

ओटिलियानं सुतारकामाची लांब पट्टी घेतली. एक टोक फाइस्टांच्या पवनचक्कीच्या गोलावर, घर त्याला अगदी लागूनच होतं. दुसरं टोक चर्चच्या ठिपक्यावर. पेन्सिलीनं रेघ ओढली. रेघ रिकाम्या सपाट रानातून निघाली, आणि पवनचक्कीपासून थोड्याच अंतरावर गव्हाच्या दाण्याएवढ्या त्या तपकिरी कड्याच्या बरोबर मधून गेली.

बाके टेबलावर वाकला.

"टेकडी आड येते म्हणून मनोरा दिसत नाही," ओटिलिया म्हणाली. "आणि पूर्वी दिसायचा. मग पूर्वी ही टेकडी कुठे होती? हाल्वर म्हणतो त्यात एक गोटा लागत नाही. देवानं केलेल्या टेकडीत गोटे असतात. कुंपणाला झुडपं अडकली, झुडपांना धूळ अडकली, धुळीवर पुन्हा झुडपं. त्या वर्षांत बघायला तिथे कुणी नव्हतं. हाल्वर आला तेव्हा त्यावर गवत उगवलं होतं. त्याला वाटलं, टेकडी पहिल्यापासूनचीच. सगळ्यांना तसंच वाटलं. टेकडी नवीन असते का कधी?"

"अरे देवा," बाके म्हणाला. "मी तिच्यावर चढून क्रूस शोधत होतो. वरून नीट दिसेल म्हणून!"

"आणि आम्ही तिला टेकून सॉसेज खाल्ले," मी म्हटलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

माग्दालेनाबाई उठल्या. त्यांनी नकाशावरच्या त्या कड्यावर बोट ठेवलं आणि ते तसंच राहू दिलं.

"पण लोखंडच ते," त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या. "एवढी वर्षं मातीत. काही उरलं असेल का हो?"

ओटिलिया फावडी गोळा करायला उठली.

६

दुसऱ्या दिवशी वारा पडला होता. पाद्री आला, निम्मा गाव आला. टेलिफोनच्या तारा त्या सकाळी मुक्याच राहिल्या. योस्टला बाके हाताला धरून घेऊन आला.

पहिलं फावडं कोण मारणार, यावर सगळे एकमेकांकडे बघत होते. हाल्वर सुन्दे पुढे झाला. "माझी टेकडी आहे," तो म्हणाला, "मी खोदतो." कालपर्यंत त्याच्या नावानं थुंकणारे दोघंजण मान खाली घालून त्याच्या बाजूला उभे राहिले आणि खोदायला लागले.

माती मैद्यासारखी होती. फावडं घातलं की आपोआप आत जायचं. कापलेली बाजू सरळ उभी राहिली, आणि आम्ही बघतच राहिलो. थरावर थर. काळा, आमचा. मग पिवळट. मग पुन्हा काळा. मग एक बोटभर तांबूस.

"ही तांबडी माती इथली नाही," बाके म्हणाला. "ही दक्षिणेकडची. चार राज्यं ओलांडून आलीय."

एका बाईनं वाकून मूठभर काळी माती उचलली आणि लेकराला धरावं तशी छातीशी धरली. "ही आमची असेल," ती म्हणाली. कुणी हसलं नाही. आम्ही सगळेच तसे उभे होतो. आमची गेलेली शेतं आमच्यापुढे घडी घालून ठेवली होती, एकही चिमूट वाया न घालवता.

मग फावड्याखाली कुरकुर वाजली. वाळलेली झुडपं, चेपून गादी झालेली. त्यात कुंपणाची जाळी. हाल्वरनं फावडं टाकलं आणि गुडघ्यांवर बसून हातांनी माती ओढायला लागला. योस्टही शेजारी बसला. म्हाताऱ्याच्या बोटांतून रक्त यायला लागलं तरी त्यानं ऐकलं नाही.

आधी एक टोक दिसलं. मग गोल वेलबुट्टी, मग आडवा दांडा. काळा रंग जसाच्या तसा, तेल लावल्यासारखा. आत थेंबभर पाणी शिरलं नव्हतं, वारा लागला नव्हता, आणि क्रूस एका अंगाला तसूभरही कलला नव्हता. पांढऱ्या अक्षरांत पिउस. मग त्याच्या बाजूला रोझिना. मग इग्नाट्झ. वर उघड्यावर राहिले असते तर गंजले असते, नाहीतर बाकेच्या ट्रकमधून गेले असते. त्या भयंकर वर्षांनी आमचं सगळं लुटलं आणि हे तिघं तेवढे झाकून ठेवले. मी चर्चमध्ये डुलक्या काढणारी बाई, पण त्या खड्ड्याच्या काठावर माझे गुडघे आपोआप टेकले.

इग्नाट्झच्या पलीकडे एका माणसापुरती जागा सोडलेली होती.

पुरुषांनी टोप्या काढल्या. ओटिलियानं माग्दालेनाबाईंना हात देऊन खाली उतरवलं. त्यांनी एकेका क्रूसाला हात लावला, डोक्यापासून खालपर्यंत, पोराला आंघोळ घालून झाल्यावर लावतात तसा. मग त्या वळल्या. वर गाडीत ठेवलेल्या पेटीकडे तोंड करून, घरातल्या घरात हाक मारावी तशा त्या म्हणाल्या, "कास्पर, ये रे आता. तिघंही वाट बघत उभी आहेत."